'द लास्ट ऑफ अस'चा सातवा भाग म्हणे फिलर! (स्पॉयलर आहेत)

तिसरी_घंटा (धागाकर्ती)

'सध्या काय बघताय' या धाग्यावर दोघातिघांनी सहज लिहून टाकलं की 'द लास्ट ऑफ अस'च्या पहिल्या सीझनचा सातवा भाग गाळला तरी काही बिघडत नाही, नुसता फ्लॅशबॅक आहे, गोष्ट इंचभरही सरकत नाही. तिथेच भांडले असते तर त्या धाग्याचं वाटोळं झालं असतं, म्हणून हा वेगळा. मालिका बघितली नसेल तर इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडलेलं आहे.

विसरलेल्यांसाठी उजळणी. २००३ साली कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूत शिरते आणि जगाचा कारभार आटपतो. वीस वर्षांनी पन्नाशी ओलांडलेला जोएल चौदा वर्षांच्या एलीला घेऊन अमेरिका पालथी घालतोय, कारण चावा बसूनही तिला काही झालेलं नाही. सहाव्या भागाच्या शेवटी जोएलच्या पोटात तुटक्या बॅटचा दांडा घुसतो. सातवा भाग उघडतो तो एका रिकाम्या घराच्या तळघरात. बाहेर बर्फ. जोएल म्हणतो, मला सोड, उत्तरेला माझ्या भावाकडे, टॉमीकडे जा. एली त्याच्या अंगावर जॅकेट टाकते, जिना चढते, दाराला हात घालते. आणि कट.

तिथून जवळजवळ सगळा भाग बोस्टनमधल्या एका जुन्या रात्रीचा. एली फेड्राच्या, म्हणजे उरल्यासुरल्या सरकारच्या, लष्करी शाळेत आहे. तिच्या खोलीत राहणारी रायली पळून जाऊन फायरफ्लाय बंडखोरांना मिळालेली. ती अचानक एका रात्री परत उगवते आणि एलीला बंद पडलेल्या मॉलमध्ये नेते. सरकते जिने, मेरी-गो-राउंड, फोटोबूथ, व्हिडिओ गेमचं दुकान, हॅलोवीनचं दुकान. तिथे नाच, एक चुंबन, आणि पाठोपाठ अंगावर धावून आलेला एक बाधित. दोघींना चावा.

माझं म्हणणं असं. दाराला हात घातलेली मुलगी आणि शेवटी मागे फिरून जोएलच्या जखमेसाठी सुईदोरा शोधत स्वयंपाकघरातले खण उपसणारी मुलगी, या दोघींच्या मध्ये हा भाग बसलाय. तो काढून टाका, मग एली मागे का फिरली याचं उत्तर 'स्वभावाने चांगली आहे म्हणून' एवढंच उरतं. चावा बसल्यावर रायली दोन वाटा सांगते: एक पिस्तुलाची, दुसरी म्हणजे जेवढा वेळ हातात आहे तेवढा सोडायचा नाही, मग तो दोन मिनिटांचा असो की दोन दिवसांचा. एली ते बोलणं जोएलच्या पोटावर टाके घालून पाळते. मला तरी सबंध सीझनमधला सर्वात मोठा निर्णय हाच वाटतो, आणि तो चौदा वर्षांच्या पोरीने प्रेमात पडून, हरून, मग घेतलेला आहे.

आता बोला.

बिनपाण्याचा_मासा

ते लिहिणाऱ्यांत मी होतो, हजर आहे.

तुमचा मुद्दा कळला. पण तो सांगायला जवळजवळ तासभर? माणूस तिकडे तळघरात शेवटच्या घटका मोजतोय आणि तुम्ही मला मेरी-गो-राउंडवर बसवताय. दहा मिनिटांत उरकलं असतं. त्यात तिसरा भाग, बिल आणि फ्रँकचा, तोही मुख्य गोष्ट सोडून भलतीकडे गेला होता. नऊ भागांचा सीझन, त्यात दोन पूर्ण भाग बाजूच्या गल्लीत. हे परवडतं का?

गेमाड्या

मासेभाऊ, ज्या व्हिडिओ गेमवरून मालिका आली तो मूळ गेम खेळलेल्यांना तुमची तक्रार वेगळ्या कारणाने पटेल.

हा भाग आलाय २०१४च्या डीएलसीवरून, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेल्या पुरवणीवरून. तिचंही नाव 'लेफ्ट बिहाइंड'. १४ फेब्रुवारीला काढली होती, व्हॅलेंटाइनचा मुहूर्त साधून. लिहिणारा तोच, नील ड्रकमन. मालिकेतला हा भागही त्यानेच लिहिलाय, दिग्दर्शन लिझा जॉन्सनचं.

फरक मोठा आहे. गेममध्ये एली जोएलसाठी औषधं शोधायला कोलोरॅडोतल्या एका मॉलमध्येच शिरते. एक प्रसंग आजच्या मॉलमधला, एक प्रसंग रायलीबरोबरच्या मॉलमधला, असं आलटून पालटून चालतं. इकडे कोसळलेल्या हेलिकॉप्टरपर्यंत पोचायची धडपड, माणसांशी मारामारी, बाधितांशी मारामारी. तिकडे पाण्याच्या पिस्तुलांनी पकडापकडी. हातात कंट्रोलर तोच, बटणं तीच, एकीकडे खेळ आणि दुसरीकडे जीव. मालिकेने आजचा मॉल काढूनच टाकला आणि एलीला एका घरात अडकवलं. त्यामुळे मासेभाऊंना जे खटकतंय, की तळघर विसरायला होतं, ते गेममध्ये होत नाही.

आणि माझी खरी चिडचिड गेमच्या दुकानावरून आहे. मूळ गोष्टीत त्या राजाज आर्केडमधलं यंत्र बंद असतं. रायली एलीला डोळे मिटायला लावते आणि लढत तोंडी सांगते, आता ती उडी मारतेय, आता तू खालची लाथ घाल. पडद्यावर नुसता एलीचा चेहरा, आणि आपण बटणं दाबतोय. मालिकेत फेड्राने त्या भागाची वीज जोडल्यामुळे सगळंच चालू. दोघी खरंखुरं 'मॉर्टल कॉम्बॅट २' खेळतात. बघायला मस्त आहे, निळाजांभळा उजेड वगैरे. पण बंद यंत्रासमोर डोळे मिटून खेळलेला खेळ याच्या दहापट होता.

चिंगी_दादर

राजाज आर्केड!! बोस्टनमध्ये पण आपलाच माणूस दुकान टाकून बसलेला 😄

तिसरी_घंटा

गेमाड्या, यंत्राबद्दल एकदम मान्य. फक्त मालिकेत त्या आवाजाचा दुसरा उपयोग केलाय. यंत्रं वाजायला लागतात आणि बाजूच्या अंधारातला तो झोपलेला बाधित जागा होतो. त्यांच्या मजेची किंमत तिथेच लागते. बंद यंत्राने हे झालं नसतं.

मासेभाऊ, दहा मिनिटांत उरकायचं म्हणजे काय उरकायचं? चुंबन आणि चावा? मग राहतं काय?

लोअरपरळकर

मी या बुरशीबिरशीतला नाही. मुलगी बघत होती, मी पेपर वाचत बसलो होतो, आणि मॉल आला तसा पेपर खाली ठेवला.

हे चित्रीकरण कॅनडात कॅल्गरीमधल्या खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये झालंय, जो तेव्हा पाडायला काढलेला होता. मला ते वाचून हसू आलं. आपल्याकडे यासाठी सेट लावावा लागणार नाही. मुलुंडचं निर्मल लाइफस्टाइल आठवतं का? रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. भांडुपचा ड्रीम्स मॉल मार्च २०२१च्या आगीनंतर बंदच आहे. आणि हाजीअलीचं क्रॉसरोड्स, १९९९मधलं, मुंबईतला पहिलावहिला मॉल म्हणावा असा. सुरुवातीला गर्दी आवरेना म्हणून नियम काढला होता: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरून आत या. आम्ही चाळीतली पोरं काचेला नाक लावून सरकता जिना बघायचो. एली त्या जिन्याला विजेवरच्या पायऱ्या म्हणते आणि उलट्या दिशेने धावत सुटते, तेव्हा आमचे चिरंजीव म्हणाले, एवढं काय त्यात. त्यांना काय सांगणार.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. त्या दोघींच्या दृष्टीने मॉल म्हणजे आधीच्या लोकांचं जग. इथे लोक पैसे देऊन काय काय घ्यायचे, हे त्या अंदाजाने ओळखतात. माझ्या मुलीला फिनिक्स तसाच आहे, फक्त उलटा. तिला मॉल कळतो, पण मधेच ती चिमणी कशाला उभी आहे हे कळत नाही. १९०५ची गिरणी होती ती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या भागाचा जगबुडीचा भाग तेव्हाच होऊन गेला. त्यानंतरच्या पडझडीवर मॉल उभे राहिले. आमच्या घरात माझे वडील त्या आवारात शेवटपर्यंत गेले नाहीत. गिरणी दुसरी होती त्यांची, तरी नाही गेले. मी मात्र लग्नाआधी बायकोला तिथेच भेटायचो, कारण एसी फुकट होता.

पानगळ

काका 🙏 शेवटची दोन वाक्यं.

चिंगी_दादर

एसी फुकट! अगदी अगदी. मुंबईत प्रेम करायला जागा लागते आणि तीच नसते. घरात दोन खोल्या आणि पाच माणसं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलं की तिसऱ्या मिनिटाला आईची भिशीतली मैत्रीण फेऱ्या मारताना दिसणार. फाइव्ह गार्डनला झाडाखालचे बाक आधीच भरलेले. वरळी सी-फेसला एका छत्रीत दोघं, पावसाळ्यात तेवढीच खासगी खोली. मग मॉल आले. एक कोल्ड कॉफी घ्या, दोन स्ट्रॉ मागा आणि दोन तास काढा, कोणी उठवायला येत नाही. म्हणून हा भाग बघताना मला तो विध्वंस वगैरे वाटलाच नाही. मला वाटलं, अख्खा मॉल रिकामा, वॉचमन नाही, बंद होण्याची वेळ नाही, अरे वा!

आणि एक बारीक गोष्ट कोणी लिहिली नाही अजून. अंतर्वस्त्रांच्या दुकानासमोर रायली एलीला चिडवते, तुला ते घातलेलं कसं दिसेल म्हणून. हसून पुढे निघून जाते. एली तिथेच थांबते. काचेतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे बघते आणि पटकन केस नीट करते. दोन सेकंदांचं काम आहे. आतापर्यंत ही पोरगी शिव्या देत, सुरा परजत हिंडताना पाहिलेली, आपण कसे दिसतो याची तिला पडलेली कधीच दिसली नव्हती. बेला रॅमसीने ते असं केलंय की कोणी बघत नाहीये याची आधी खात्री करून घेतली आणि मग हात वर गेला. मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला.

रोखठोक_१९

एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. दोन मुलींच्या जागी मुलगा-मुलगी असते तर हा भाग कोणाला आठवला असता का? तिसऱ्या भागात पण तेच. हल्ली सगळीकडे अजेंडा घुसवतात. आयएमडीबीवर या दोन भागांना लोकांनी उगाच एक-एक तारा दिला नाही.

गेमाड्या

रोखठोक, गेममध्ये याच दोघी होत्या, तेव्हाही चुंबन होतं, २०१४ साली. मालिकेने घुसवलेलं काही नाही. आणि एक तारा देणाऱ्यांची लाट आली हे खरं, पण त्याच दोन भागांनी टीव्हीच्या एमी पुरस्कारांत पाहुण्या कलाकारांची दोन्ही बक्षिसं नेली. बिल झालेला निक ऑफरमन आणि रायली झालेली स्टॉर्म रीड, जानेवारी २०२४मध्ये. ज्यांचं कामच परीक्षण करायचं आहे त्यांना काहीतरी दिसलं असेल की.

रोखठोक_१९

बक्षिसं कशी मिळतात ते आम्हाला माहीत आहे. असो.

पानगळ

रोखठोक यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मुलगा-मुलगी असते तर काय झालं असतं?

चिंगीताईंनी लिहिलेल्या सगळ्या जागा आठवा. तिथे मुलगा-मुलगी दिसले की लोक टवकारून बघतात. दोन मुली दिसल्या तर कोणी बघतच नाही. मी आणि ती कॉलेजच्या वर्षांत पॅसेजमध्ये, लोकलच्या लेडीज डब्यात, मॉलच्या फोटोबूथमध्ये हातात हात घालून फिरलो. 'किती जिवाभावाच्या मैत्रिणी', असं तिची आई माझ्या आईला कौतुकाने सांगायची. लेडीज डब्यात तर एकीच्या खांद्यावर दुसरीने झोपणं ही काय बातमी आहे का? म्हणजे आम्हाला जागेची अडचण कधीच नव्हती, मुलगा-मुलगींपेक्षा कितीतरी सोपं. फक्त ते जे होतं ते आम्हाला स्वतःलासुद्धा बरेच दिवस दिसलं नाही, कारण सगळ्यांनी त्याला आधीच एक नाव देऊन ठेवलं होतं.

एली आणि रायलीचं हेच आहे. त्या दोघी मैत्रिणी आहेत, एका खोलीत राहतात, भांडतात, एकमेकींवर खार खातात. एली चुंबन घेते आणि पुढचा शब्द काय, तर 'सॉरी'. रायली विचारते, कशाबद्दल? मी हे पहिल्यांदा पाहिलं ते फेब्रुवारी २०२३मध्ये. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन साडेचार वर्षं झाली होती आणि लग्नाच्या हक्काची सुनावणी पुढे एप्रिलमध्ये व्हायची होती. कायद्याचं त्या दिवसांत रोज पेपरात वाचत होते. पण 'कशाबद्दल?' असं उलट विचारणारं माणूस मला कोणत्याही निकालात भेटलं नव्हतं.

मुलगा-मुलगी असते तर त्या 'सॉरी'ला काही अर्थच उरला नसता. म्हणून दोघी.

तिसरी_घंटा

पानगळ, लिहिलंत ते बरं केलंत.

लोअरपरळकर

बेटा, लिहीत राहा.

कॅसेट_साइड_बी

गाण्यांवर कोणी बोललंच नाही? मग मी कशाला आहे.

सुरुवातीला एली जिममध्ये गोल गोल पळतेय, कानात वॉकमन, गाणं पर्ल जॅमचं 'ऑल ऑर नन'. हे २००२च्या अल्बममधलं. मालिकेत जग सप्टेंबर २००३ला संपतं, म्हणजे ही कॅसेट जेमतेम वेळेत निघालेली. असा हिशेब ठेवणारी माणसं मला आवडतात. सरकत्या जिन्यावर आहाचं 'टेक ऑन मी'. मेरी-गो-राउंडवर द क्युअरचं 'जस्ट लाइक हेवन', पण लहान मुलांच्या खेळण्यातून वाजावं तसं टिणटिण. आणि शेवटचा नाच एटा जेम्सच्या 'आय गॉट यू बेब'वर. मूळ गाणं सॉनी आणि शेरचं, खट्याळ, एटाने त्याला भारदस्त केलंय. दोन पोरी काउंटरवर चढून लांडग्याचा आणि विदूषकाचा मुखवटा घालून नाचतायत आणि आवाज एका पोक्त बाईचा. निवड करणाऱ्याला सलाम.

दुसऱ्या सीझनमध्ये एली तिच्या प्रेमातल्या मैत्रिणीसमोर, डीनासमोर, गिटार घेऊन बसते ना, ते गाणं कोणतं आठवा. 'टेक ऑन मी'! सातवा भाग गाळलेल्यांना ते एक जुनं छान गाणं वाटलं असणार. ज्यांनी पाहिला त्यांना कळलं की ही जिन्यावरची रात्र अजून सोबत घेऊन हिंडतेय. मासेभाऊ, याला गोष्ट पुढे सरकणं म्हणतात.

बिनपाण्याचा_मासा

चहूबाजूंनी हल्ला झालाय, तरी मैदान सोडत नाही 😀

पानगळ यांचा प्रतिसाद आणि गिटारचा मुद्दा, दोन्ही मान्य. भाग वाईट आहे असं मी म्हणालोच नव्हतो. माझं दुखणं जागेचं. हाच भाग चौथा असता तर? एली कोण हे आधी कळलं असतं, आणि सहाव्यातून थेट आठव्यात उडी घेतली असती तर जोएलची काळजी तशीच ताणलेली राहिली असती. आता काय होतं, काळजी तासभर फ्रीजमध्ये ठेवून परत गरम करतात.

आणि दुसरं. रायली बॉम्ब बनवत असते, मॉलमधल्या एका खाण्याच्या दुकानात ते सापडतात. एली भडकते, हे माझ्याच लोकांवर टाकणार ना म्हणून. किती तगडा धागा होता! एकीला शाळेतल्या कॅप्टनने नुकतंच सांगितलंय की नीट वागलीस तर अधिकारी होशील, दुसरीला सांडपाण्याच्या कामावर नेमतायत म्हणून ती पळाली. दोघींची भाकरी दोन वैरी गटांच्या हातात. यावर अजून दोन प्रसंग हवे होते. दिले काय, तर फोटोबूथ.

तिसरी_घंटा

बॉम्बचं शंभर टक्के बरोबर. सांडपाण्याची ड्यूटी हा अख्ख्या भागातला माझा आवडता तपशील आहे. बंडात लोक विचारांसाठी जातात असं आपण धरून चालतो, आणि ही पोरगी जाते ती सतराव्या वर्षी आयुष्यभराची गटार नशिबी आली म्हणून. फायरफ्लायने तिला मोजलं, फेड्राने मोजलं नाही, संपला विषय. त्यावर आणखी हवं होतं.

पण चौथ्या जागी टाकणं नाही पटत. चौथ्यात एली-जोएल एकमेकांना जेमतेम ओळखतात. तिच्याकडे गमावण्यासारखं काही नाही, मग ही आठवण कोणत्या दारापाशी येणार? सहाव्यात जोएल तिला टॉमीवर सोपवून मोकळा व्हायला बघतो, मग मागे फिरतो. सातव्यात पाळी तिची. तो बेशुद्धीच्या काठावर असताना तिचा हात पकडतो, बोटांत बोटं घालून, ते त्याच क्रमाने आलं तरच लागतं.

आणि रायलीला मरताना दाखवत नाहीत, हे लक्षात आलं का कोणाच्या? दोघी भिंतीशी बसतात, आणि भाग पुन्हा तळघरात येतो. पुढचं एली नवव्या भागात जोएलला सांगते, तेही मोजकंच. एवढी रक्तबंबाळ मालिका, आणि इथे कॅमेरा निघून गेला.

गेमाड्या

गेममध्येही नाही दाखवलं. तिथेही नुसतं एलीच्या तोंडून कळतं. या एका बाबतीत मालिकेने काही 'सुधारलं' नाही, नशीब.

एकच_कप

नमस्कार, बरेच दिवस फक्त वाचत होतो. स्पॉयलरचा इशारा धुडकावून सगळा धागा वाचला, कारण मी सातव्या भागाच्या मध्यापर्यंत पोचून झोपलो होतो आणि पुढे बघू की नको ठरत नव्हतं. आज डबा खाताना उरलेला सातवा संपवला. काचेतले केस दिसले, चिंगीताई. रात्री जेवताना आठवा लावतोय.

बिनपाण्याचा_मासा

आठवा जेवताना नको. आधी जेवून घ्या, ताट धुऊन ठेवा, मग लावा.

गेमाड्या

मासेभाऊंशी या धाग्यावर पहिल्यांदाच पूर्ण सहमत. त्यातही मटण असेल तर बिलकुल नको.

एकच_कप

का हो? मटणच आहे.